कसोटीच्या दगडाची कसोटी

उत्तर प्रदेशातील पिप्रहवा येथील बौद्ध स्तूपातून १८९८ साली निघालेली रत्ने हाँगकाँगच्या लिलावाच्या उंबरठ्यावरून मागे फिरून जुलै २०२५ मध्ये भारतात परतली, तेव्हा सारी चर्चा श्रद्धा, मालकी आणि किंमत या तीन मुद्द्यांभोवती फिरली. ती रत्ने मुळात कोणत्या दगडांची, याकडे फारसे लक्ष गेले नाही. वास्तविक त्यांतील कार्नेलियन, ॲमेथिस्ट आणि स्फटिक हे क्वार्ट्‌झच्या, म्हणजे साध्या गारेच्याच कुळातले दगड आहेत. याच कुळातला, पण मानमरातबात कायम मागे राहिलेला भाऊबंद म्हणजे जॅस्पर. त्याच्या पट्टेदार, आरशासारखी झिलई दिलेल्या चकत्या आज हौशी संग्राहकांच्या कपाटांत मानाने मांडल्या जातात, आणि कोल्हापूरचा या दगडाशी असलेला संबंध या हौसेपेक्षा बराच जुना आहे.

जॅस्पर म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म कणांच्या सिलिकेत लोहाची संयुगे व इतर अशुद्धी मिसळून घट्ट झालेला, प्रकाश आरपार न जाऊ देणारा दगड. अशुद्धीचे प्रमाण कधी कधी पाचव्या हिश्शापर्यंत जाते आणि दगडाचे सारे सौंदर्य तिच्यातच असते: हेमॅटाइट या लोह-ऑक्साइडाने तो तांबडा होतो, गोएथाइटने पिवळा किंवा तपकिरी. अकीक अर्धपारदर्शक असतो, जॅस्पर नसतो, एवढा फरक सामान्य ग्राहकाला पुरतो. काही कोशांत जॅस्परला ‘सूर्यकांत’ असा प्रतिशब्द दिलेला आढळतो. मात्र परंपरेतला सूर्यकांत सूर्याचे किरण एकवटून अग्नी पाडणारा मणी असल्याने, प्रकाशाला दारच बंद करणाऱ्या दगडाला हे नाव देणे ही परिभाषाकारांची गंमतच म्हटली पाहिजे.

कोल्हापूरच्या गुजरी या सराफ पेठेतल्या परंपरेला हा दगड नावाने नसला तरी कामाने परिचित आहे. काळ्या, मखमली पोताच्या जॅस्परला बॅसनाइट म्हणतात, आणि सोनाराचा कसोटीचा दगड बहुधा याच जातीच्या सिलिकामय दगडांपैकी असतो. तो सोन्यापेक्षा कितीतरी कठीण असतो, त्याचा कण बारीक असतो आणि आम्लाचा त्याच्यावर परिणाम होत नाही. त्यामुळे त्याच्यावर ओढलेली सोन्याची रेघ आम्लाचा थेंब सोडून ज्ञात कसाच्या रेघेशी ताडून पाहता येते. सोन्याच्या दागिन्यावर १ एप्रिल २०२३ पासून सहा अंकी-अक्षरी हॉलमार्क क्रमांक सक्तीचा झाला आहे. सोन्याचा कस पाहणाऱ्या दगडाचे भाईबंद मात्र बाजारात कोणत्याही कसाविना विकले जातात.

मग अशा दगडाचा कस पाहायचा तरी कसा, या प्रश्नाचे उत्तर शोधताना कोल्हापुरातील पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीकडे वळावे लागते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये येथे उत्खनन केले आणि त्याचा अहवाल १९५२ साली प्रसिद्ध झाला. सातवाहनकालीन वस्तीचे थर, नाणी, घरांचे अवशेष असा मोठा ऐवज त्यातून पुढे आला. परंतु ब्रह्मपुरी म्हटले की आजही आठवतो तो त्याआधी सापडलेला, टाऊन हॉल संग्रहालयातला कांस्याचा पॉसायडन, म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव. परदेशी पाहुण्याचे कौतुक आपल्याकडे नेहमीच जास्त झाले आहे. अकीक, कार्नेलियन, जॅस्पर, स्फटिक अशा दगडांचे मणी त्या मानाने दुर्लक्षित राहिले, आणि पिप्रहवाच्या निमित्ताने हेही सांगायला हवे, की कोल्हापुरातील एका स्तूपाच्या अवशेषांतही १८७७ च्या सुमारास दगडी पेटीत ठेवलेला स्फटिकाचा करंडक मिळाला होता.

दीक्षित हे मण्यांचे असाधारण अभ्यासक होते. त्यांचा भारतातील कोरीव मण्यांवरील ग्रंथ १९४९ साली डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. पुढे त्यांनी भारतीय काचेचा इतिहासही लिहिला. मणी हा शोभेचा किरकोळ जिन्नस असल्याच्या समजुतीला त्यांच्या कामाने छेद दिला. मण्याचा दगड, आकार, भोक आणि नक्षी यांवरून काळ व व्यापाराचे मार्ग ओळखता येतात, ही दृष्टी त्यामागे आहे. ‘कोरीव’ हा शब्द येथे थोडा फसवा आहे, कारण कार्नेलियनवरील ती पांढरी नक्षी छिन्नीने कोरलेली नसते. वनस्पतीच्या रसात सोडा कालवून त्या लेपाने रेषा काढायच्या आणि मणी तापवायचा, अशी ती रीत आहे. सिंधमधील सेहवान येथील एका कारागिराकडून तिची माहिती घेऊन पुरातत्त्वज्ञ अर्नेस्ट मॅके यांनी ती १९३३ मध्ये नोंदवली. अशी पांढरी रेघ दगडाच्या कातडीपुरतीच असते, निसर्गाने घातलेला पट्टा मात्र दगडाच्या गाभ्यातून जातो. म्हणून पट्टेदार मणी हाती आला की आधी त्याचे भोक दहापट भिंगाखाली धरावे: बाहेरचा पट्टा भोकाच्या आतल्या भिंतीवरही उमटलेला दिसला, तर तो दगडाचा स्वतःचा.

पट्टे कसे पडतात, याचे उत्तर दगड कुठला यावर अवलंबून असते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनलेल्या दख्खनच्या काळ्या खडकात सिलिकायुक्त पाणी भेगांतून व पोकळ्यांतून झिरपले आणि थराथराने साचले. या पट्ट्यांची वळणे पोकळीच्या आकाराप्रमाणे फिरतात. याउलट सिंधुदुर्गातील रेडी, गोवा आणि बल्लारीजवळचे संडूर येथील लोहखनिजासोबत सापडणारा पट्टेदार खडक अडीचशे कोटी वर्षांच्या आसपासचा किंवा त्याहूनही जुना असून, प्राणवायू नगण्य असलेल्या काळातल्या समुद्रतळावर लोह आणि सिलिका आळीपाळीने बसत गेल्याने तो तयार झाला. त्याचा काप पाहिला, तर विटकरी जॅस्परच्या पट्ट्याशेजारी पोलादी चमकीचा करडा हेमॅटाइट आणि मधूनच गारेची दोऱ्याएवढी पांढरी रेघ दिसते. हेमॅटाइट जॅस्परपेक्षा मऊ असल्याने घोटताना तो जास्त झिजतो आणि कच्च्या हाताने पॉलिश केलेल्या चकतीवरून नख फिरवले, की पट्ट्यापट्ट्याला खाच लागते. कोल्हापूरच्या एका हाताला दख्खनचा खडक आणि दुसऱ्या हाताला हा प्राचीन लोहखडक असूनही, येथील संग्राहक दूरदेशीच्या नावांच्या चिठ्ठ्या लावलेले दगड घेतो, हे नवलच.

झिलई ही या दगडाची निम्मी किंमत आणि तिचा खरा हिशोब गुजरातमधील खंभातमध्ये लागतो. अकीकाच्या या जुन्या केंद्रात पूर्वी मणी चामड्याच्या पिशवीत कुरुंदाच्या भुकटीसह भरून, दोन माणसांनी ती पिशवी दिवसेंदिवस इकडून तिकडे लोळवून ओप आणला जाई. आज तेच काम फिरते पिंप करते. दगड घासताना उडणारी सिलिकेची बारीक धूळ फुप्फुसांत साचून सिलिकोसिस हा बरा न होणारा रोग जडतो आणि खंभातच्या अकीक कामगारांना त्याने ग्रासल्याचे वैद्यकीय अभ्यासांत नोंदले गेले आहे. ‘मूलाधार चक्र शुद्ध करणारा’ म्हणून जॅस्पर विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकात या धुळीचा उल्लेख नसतो.

रंगवलेल्या दगडांचा धंदाही जुना आहे: जर्मनीतील नुनकिर्खेनचा जॅस्पर निळा रंगवून ‘स्विस लॅपिस’ या नावाने राजावर्त म्हणून खपवला गेला. जमिनीत सापडलेल्या जुन्या मण्यांची गोष्ट आणखी वेगळी, कारण शंभर वर्षांहून जुनी मानवनिर्मित वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाही. ब्रह्मपुरीच्या मण्याला थर आहे, नोंद आहे, अहवालात जागा आहे. दुकानातल्या चकतीला यांपैकी काही नसेल तर ती कितीही चकाकली तरी शोभेचा तुकडाच राहते. तेव्हा पट्टेदार जॅस्पर घेणाऱ्याने दगड कोणत्या गावचा, त्याला रंग वा राळ लावली आहे का आणि त्याला घासले-घोटले कुठे, हे पावतीवर लिहून मागावे, आणि विक्रेता लिहून द्यायला कचरत असेल तर दगड जागेवर ठेवून द्यावा.