क्रूस, कुऱ्हाड आणि अकरा वर्षे

पोलंडच्या आग्नेय भागात उयाझ्द नावाचे छोटे गाव आहे. तिथे क्शिश्तोपुर हा छप्पर हरवलेला प्रचंड महाल उभा आहे. माझे लक्ष प्रथम वेधले ते त्याच्याविषयीच्या दंतकथेने. वर्षाचे दिवस तितक्या खिडक्या ३६५, आठवडे तितक्या खोल्या ५२, महिने तितकी दालने १२ आणि ऋतू तितके मनोरे चार! कथा लोभस खरी. पण या वास्तूचा अभ्यास करू लागल्यावर वाटले, की बांधणाऱ्याला दिवस मोजायचे नव्हते, पिढ्या मोजायच्या होत्या.

तो बांधणारा म्हणजे सरदार क्शिश्तोफ ओसोलिन्स्की. काम १६४४ मध्ये पूर्ण झाले. रचना त्या काळच्या इटालियन पद्धतीची, म्हणजे आत राजवाडा आणि भोवती पाच बुरुजांचा पंचकोनी कोट. आपण तिला गढी म्हणू, पण थाट बरोक दरबाराचा. प्रवेशद्वाराच्या दोन बाजूंना दगडात कोरलेला भव्य क्रूस आणि तशीच कुऱ्हाड आहे. क्रूस कॅथलिक श्रद्धेचा, तर कुऱ्हाड हे घराण्याचे कुलचिन्ह. पोलिश भाषेत क्रूस म्हणजे ‘क्शिश’ आणि कुऱ्हाड म्हणजे ‘तोपुर’. या दोन शब्दांतूनच महालाचे नाव घडले. आतल्या भिंतींवरही पूर्वजांचा गौरव मांडलेला होता. साऱ्या वास्तूचा सूर एकच : आमचा वंश जुना आहे आणि तो पुढेही चालणार आहे.

घडले उलटेच. १६४५ मध्ये धनी वारला. १६४९ मध्ये झ्बोरुव्हच्या लढाईत त्याचा मुलगा पडला आणि महाल दुसऱ्या घराण्यांकडे गेला. १६५५ मध्ये स्वीडिश सैन्य आले. पोलिश इतिहासात त्या आक्रमणाला ‘महापूर’च म्हणतात. महाल लुटला गेला आणि त्याचे मूळ वैभव पुन्हा आले नाही. पूर्णत्वापासून लुटीपर्यंत जेमतेम अकरा वर्षे! पुढे काही भागात वस्ती राहिली, पण अठराव्या शतकात तीही संपली.

आज ही वास्तू भग्नावशेष म्हणूनच जपली आहे. मला ते योग्य वाटते. छप्पर घालून, गिलावा करून ती नवी केली असती, तर फक्त ओसोलिन्स्कींची बढाई पुन्हा उभी राहिली असती. मोकळ्या खिडक्यांतून आभाळ दिसते, म्हणूनच त्या बढाईचे पुढे काय झाले तेही दिसते.