'शक्य'ला साक्षीदार लागतो

'अपरिहार्य' आणि 'शक्य' यांचा हिशेब म्हणजे मोडल लॉजिक. सॉल क्रिपके यांच्या मांडणीत अनेक जगं असतात आणि एका जगातून काही जगंच दिसतात. दिसणाऱ्या सगळ्या जगांत खरं ते अपरिहार्य, एका तरी जगात खरं ते शक्य. रूढ तर्कशास्त्रात 'अ शक्य' म्हणजे 'अ नसणं अपरिहार्य नाही', एवढंच.

गणितज्ञ ब्रौवर यांच्या परंपरेतल्या, सिद्धता हाती असल्याशिवाय काही खरं न मानणाऱ्या अंतःप्रज्ञावाद्यांना हे पटत नाही. घरात चोर नसेलच असं नाही, म्हणून चोर सापडला असं थोडंच होतं? 'शक्य' म्हणायचं तर ते जग दाखवा. त्यामुळे इथे 'शक्य' स्वतंत्र होतं आणि जगांमध्ये दोन नाती लागतात: एक दिसण्याचं, दुसरं ज्ञान वाढत जाण्याचं.

अशा अंतःप्रज्ञावादी मोडल लॉजिकसाठी ॲलेक्स सिम्पसन यांनी १९९४ च्या एडिंबरा विद्यापीठातल्या प्रबंधात सिद्धतेच्या प्रत्येक ओळीलाच जगाचं नाव जोडलं: 'क्ष या जगात अ'. अर्थ मागच्या दाराने सिद्धतेत घुसवला, हा आक्षेप मला रास्त वाटतो. पण नियम कमालीचे सुटसुटीत होतात. त्यांच्या पद्धतीत, अंतःप्रज्ञावाद्यांनी नाकारलेला 'अ किंवा अ नाही' हा नियम पुन्हा घातला, की रूढ मोडल लॉजिकच हाती येतं.