चेहऱ्यावरची वीज आणि पिशवीतले यंत्र

सकाळी उठून तोंडावर पाणी घ्यायचीही भीती वाटावी, हे ज्याने अनुभवले नाही त्याला खरे वाटत नाही. गेल्या हिवाळ्यात एक निवृत्त शिक्षिका माझ्या दवाखान्यात आल्या, त्या उजव्या गालाला पदर लावूनच. पंख्याचा वारा लागला तरी कळ उठते, असे त्यांनी खुणेने सांगितले, कारण बोलण्यानेही कळ उठत होती. वीज चमकावी तशी ती काही सेकंद गालातून जबड्यात जाई आणि दिवसातून कितीतरी वेळा येई. दातांचे दुखणे समजून दोन दाढा काढून झाल्या होत्या, पण कळ तशीच राहिली होती. आहार पेजेवर आला होता.

त्यांच्या पिशवीत पुतण्याने मागवलेले एक लहानसे यंत्र होते. त्वचेला पट्ट्या चिकटवून सौम्य विद्युतप्रवाह देणारे. ‘‘डॉक्टर, हे आल्यापासून गोळ्या बंद केल्यात मी,’’ त्या म्हणाल्या. गोळ्या बंद करून चार दिवस झाले होते आणि कळा दुपटीने वाढल्या होत्या. हा लेख त्या चार दिवसांमुळे लिहावासा वाटला.

दुखणे कोणत्या मज्जातंतूचे?

चेहऱ्याचे स्नायू हलवणारा मज्जातंतू सातवा. तो दुर्बळ झाला की तोंड वाकडे होते. चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणारा मज्जातंतू मात्र पाचवा. त्याच्या तीन शाखा आहेत: एक कपाळ व डोळ्याकडे, दुसरी गाल व वरच्या जबड्याकडे, तिसरी खालच्या जबड्याकडे. वर वर्णिलेली कळ या पाचव्या मज्जातंतूची. वैद्यकात तिला ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणतात. पन्नाशीनंतर आणि स्त्रियांत ती अधिक आढळते, आणि बहुधा चेहऱ्याच्या एकाच बाजूला असते.

बहुतेक रुग्णांत मेंदूच्या तळाशी एखादी रक्तवाहिनी या मज्जातंतूच्या मुळावर टेकलेली असते. सततच्या ठोक्यांनी मज्जातंतूवरचे मायलिनचे आवरण झिजते आणि उघड्या पडलेल्या तंतूंत संदेशांची सरमिसळ होते. मग दात घासणे, घास चावणे, दाढी करणे अशा साध्या स्पर्शाचेही वेदनेत रूपांतर होते. क्वचित मल्टिपल स्क्लेरोसिस किंवा गाठ हे कारण असते. म्हणून या दुखण्यात एमआरआय आवश्यक ठरतो.

यंत्र काय करते?

या यंत्राला टेन्स म्हणतात. त्यामागील विचार आपल्या ओळखीचा आहे. मुलाचे कोपर आपटले की आई तेथे चोळते आणि ठणका कमी होतो. 1965 मध्ये रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी यामागची उपपत्ती मांडली. स्पर्शाचे संदेश जाड तंतूंतून, तर वेदनेचे बारीक तंतूंतून जातात. स्पर्शाचे संदेश पुरेसे आले, की वेदनेच्या वाटेवरचे ‘दार’ अर्धवट लोटले जाते. दोन वर्षांनी वॉल आणि विल्यम स्वीट यांनी सुईवाटे विद्युतप्रवाह देऊन हा प्रयोग स्वतःवर केला, आणि तोही डोळ्याखालून गालात उतरणाऱ्या, याच पाचव्या मज्जातंतूच्या शाखेवर. आजचे यंत्र सुईऐवजी त्वचेवरच्या पट्ट्या वापरते.

पण येथे एक अडचण आहे. ट्रायजेमिनल न्यूराल्जियात हलका स्पर्शच कळ उठवतो. म्हणून कळीच्या नेमक्या जागी पट्टी लावणे काही रुग्णांना सोसत नाही. काहींना आराम पडतो, काहींना मुळीच नाही. या उपचारावरील अभ्यास लहान गटांवर झालेले आहेत आणि त्यांतून मिळणारा दिलासा पूरक स्वरूपाचा आहे. मज्जातंतूवरचा रक्तवाहिनीचा दाब हे यंत्र काढू शकत नाही.

डोक्यावर चुंबकीय वेटोळे धरून मेंदूला चेतना देण्याचा आणखी एक उपचार आहे. तो मोठ्या रुग्णालयांतच, अनेक बैठकांत दिला जातो आणि त्याचा परिणाम कालांतराने ओसरतो. कपाळावर लावायच्या एका यंत्राला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2014 मध्ये परवानगी दिली, ती अर्धशिशी टाळण्यासाठी. जाहिरात वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा.

मुख्य उपचार कोणता?

कार्बामॅझेपीन आणि ऑक्सकार्बाझेपीन ही पहिली औषधे. ती लहान मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवतात. चक्कर, झापड येऊ शकते. रक्तातील सोडियम उतरू शकते, म्हणून तपासण्या चुकवू नयेत. अंगावर पुरळ, तोंडात फोड किंवा ताप आल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. एरवी गोळ्या मनाने एकाएकी थांबवू नयेत. वेदना उसळते, आणि ज्यांना फेफऱ्याचा विकार आहे त्यांना झटका येण्याचा धोका असतो. औषधे पुरेनाशी झाली तर रक्तवाहिनी आणि मज्जातंतू यांच्यामध्ये मऊ गादी ठेवण्याची शस्त्रक्रिया व इतर पर्याय न्यूरोसर्जन सुचवतात.

यंत्र वापरायचेच असेल तर

• आधी निदान पक्के करावे, दात काढण्यापूर्वीही.
• पहिल्या बैठका भौतिकोपचारतज्ज्ञांसमोर घ्याव्यात. मुंग्या याव्यात, टोचू नये, इतकाच प्रवाह ठेवावा.
• डोळ्यांवर आणि गळ्याच्या पुढच्या भागावर पट्टी कधीही लावू नये. जखम वा बधिर त्वचाही टाळावी.
• पेसमेकर, फेफरे किंवा गर्भारपण असल्यास डॉक्टरांच्या परवानगीशिवाय वापरू नये.
• कळा किती आल्या, कशाने आल्या, याची वही ठेवावी. महिनाभरात फरक दिसला नाही तर यंत्र बाजूला ठेवावे.

घरातल्यांना एक विनंती. कळ येऊन गेल्यावर चेहरा पुन्हा स्वस्थ दिसतो, म्हणून ‘आता तर बरी होतीस’ असे म्हणू नका. पुढची कळ केव्हा येईल या धास्तीनेच हे रुग्ण जेवण आणि बोलणे सोडतात. त्यांच्या मनाच्या उदासीकडेही लक्ष द्या.

त्या शिक्षिकेच्या गोळ्या त्याच दिवशी लहान मात्रेने पुन्हा सुरू केल्या. एमआरआयमध्ये मज्जातंतूवर टेकलेली रक्तवाहिनी दिसली, आणि पुढचे उपचार न्यूरॉलॉजिस्टच्या सल्ल्याने चालू आहेत. कळांच्या मधला मंद ठणका संध्याकाळी यंत्राने थोडा हलका होतो, असे त्या सांगतात. परवा त्या आल्या तेव्हा गालाला पदर नव्हता. आमटीत कुस्करलेली भाकरी आता चावता येते, हे त्यांनी खुणेने नव्हे, बोलून सांगितले.