खडकाला चिकटलेले भाऊबंद

सिडनीतल्या हॅरिस पार्कहून कुणी ओहोटीच्या वेळी बाँडायच्या किनाऱ्यावर गेले, तर खडकांना चिकटलेले तपकिरी, चिवट सालीचे गठ्ठे दिसतात. पाय पडला की पाण्याची चिळकांडी उडते. हे कुंजवॉय; गळ टाकणारे त्यांचा आमिष म्हणून वापर करतात. डोके नाही, कणा नाही, तरी ते आपल्याच संघातले समपृष्ठरज्जू प्राणी आहेत, शाळेत पाठ केलेल्या हर्डमानियाचे भाऊबंद. पुरावा त्यांच्या डिंभात सापडतो. बेडकाच्या पिल्लासारख्या त्या पोहणाऱ्या जिवाच्या शेपटीत या संघाची खूण असलेला पृष्ठरज्जू, म्हणजे पाठीतला लवचिक दांडा, असतो आणि त्याच्यावर पोकळ चेतारज्जू. अशा प्राण्यांना पूर्वी मृदुकाय समजत; 1866 मध्ये अलेक्झांडर कोवालेव्हस्कीने त्यांचा विकास तपासून खरे नाते दाखवले.

प्रौढात जे उरतच नाही, त्यावरून संघ कसा ठरवायचा, हा आक्षेप रास्त आहे. पण माणसातही अखंड पृष्ठरज्जू गर्भावस्थेपुरताच असतो. पुढे कणा त्याची जागा घेतो आणि मणक्यांमधल्या चकत्यांच्या मऊ गाभ्यात त्याचा अंश राहतो. शिवाय कुंजवॉयच्या घशातली कल्लाविदरे जन्मभर टिकतात; त्यांतूनच तो पाणी गाळून पोट भरतो. मला तरी 2006 मधली जनुकांची तुलना निर्णायक वाटते: माशासारख्या दिसणाऱ्या अँफिऑक्ससपेक्षा या गठ्ठ्यांचा गटच पृष्ठवंशीयांना अधिक जवळचा निघाला.