खाल्लेलं अंगी लागत नाही?

१९९६ सालची गोष्ट. आमच्या नात्यातली एक सून दिवसेंदिवस खंगत चालली होती. ‘पोरीला पोटभर जेवू घालत नाहीत,’ असं माहेर म्हणे. ‘तिचीच खायची नाटकं,’ असं सासर. बोलचाल थांबायची वेळ आली. तंटा सोडवला तो एका साखरेनं!

या साखरेचं नाव झायलोज. रात्रभर उपाशी ठेवून सकाळी ती २५ ग्रॅम पाण्यातून पाजतात, मधे रक्त घेतात आणि ५ तासांची लघवी साठवतात. झायलोज पचवावी लागत नाही, लहान आतड्यानं फक्त शोषायची. शरीर ती फारशी वापरत नाही. म्हणून पुष्कळशी लघवीवाटे बाहेर पडते. ४ ग्रॅमहून कमी उतरली, की आतड्याच्या अस्तरावर संशय. आमच्या बँकेच्या भाषेत, भरणा खात्यात जमाच झालेला नाही! मात्र मूत्रपिंडं अधू असली तर हा हिशेब फसतो. हल्ली रक्तातल्या प्रतिपिंडांच्या तपासणीवर आणि दुर्बिणीतून काढलेल्या आतड्याच्या तुकड्यावर अधिक भिस्त असते.

सूनबाईंचा आकडा फारच कमी आला. मग तुकडा तपासला आणि गव्हाचं वावडं निघालं. पोळी बंद झाली, ज्वारीची भाकरी सुरू झाली. वर्षभरात तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. दिवाळीला दोन्हीकडचे व्याही एकाच पंगतीला बसले. त्या दिवशी घरात सगळ्यांनीच भाकरी खाल्ली.