अबू सिंबेलची पहाट आणि सकाळची गोळी

आस्वानच्या हॉटेलांत आणि नाईलवरच्या क्रूझ बोटींवर पहाटे तीनच्या सुमारास खोल्यांचे फोन वाजू लागतात. अर्ध्या तासात झोपाळू चेहऱ्यांची रांग बसमध्ये चढते, प्रत्येकाच्या हातात नाश्त्याचा डबा येतो आणि गाडी वाळवंटातून दक्षिणेला सुमारे २८० किलोमीटरवरच्या अबू सिंबेलकडे निघते. रामसेस दुसरा या राजाने सव्वातीन हजार वर्षांपूर्वी डोंगरात कोरून घेतलेली दोन मंदिरे पाहायची आणि दुपारपर्यंत परतायचे, असा हा एका दिवसाचा कार्यक्रम. महाराष्ट्रातून जाणाऱ्या इजिप्तच्या सहलींत तो बहुधा असतोच. या सहलींतले पुष्कळ प्रवासी साठीच्या पुढचे, म्हणजे बीपी, शुगर आणि गुडघे यांपैकी निदान एक सोबत घेऊन आलेले असतात.

पहिली गडबड होते ती ऊन यायच्या आधीच. उठल्याबरोबर गोळी घ्यायची, ही वर्षानुवर्षांची सवय. त्यामुळे साडेतीनलाच ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड पोटात जाते. डब्यात मात्र थंड पाव, केक, उकडलेले अंडे असे काहीबाही असते. अंडे न खाणारे तो बाजूला ठेवतात, बाकीचे ‘नंतर बघू’ म्हणून झोपी जातात. या गोळ्या पोटात अन्न आहे की नाही याची चौकशी करीत नाहीत. दीड-दोन तासांत साखर खाली येते, घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस असंबद्ध बोलू लागतो. अंधाऱ्या बसमध्ये शेजारच्याला तो नुसता झोपलेला वाटतो, आणि धोका इथेच असतो. गोळी घड्याळाला बांधलेली नसते, खाण्याला बांधलेली असते. डबा उघडून प्रत्यक्ष खायला सुरुवात करताना ती घ्यावी. इजिप्तचे घड्याळ भारताच्या साडेतीन तास मागे असते, तिथल्या उन्हाळी वेळेत अडीच तास. म्हणून इन्सुलिन घेणाऱ्यांनी निघण्याआधीच आपल्या डॉक्टरांकडून त्या दिवसाचे वेळापत्रक कागदावर लिहून घेतलेले बरे. खिशात साखरेची पुडी किंवा ग्लुकोजची पावडर असावी. सामानाच्या कप्प्यातल्या बॅगेत ती असून उपयोग नाही.

मग ऊन. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा तिथला सुखद काळ, पण आपल्या शाळांच्या सुट्या पडतात मे महिन्यात. मे ते सप्टेंबर आस्वान भागात दुपारचे तापमान ४० अंशांच्या आसपास किंवा त्याच्याही वर जाते. विदर्भातल्या माणसाला या आकड्याचे नवल वाटणार नाही. मात्र तिथली हवा इतकी कोरडी असते की घाम कातडीवर दिसतच नाही, येतो तसा उडून जातो. ‘घामच येत नाही, छान वाटतंय’ असे म्हणणाऱ्या पर्यटकाच्या अंगातून उन्हात चालताना तासाला लिटरभर पाणी निघून गेलेले असू शकते. एक लिटर घाम उडून जाताना शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. ही यंत्रणा उत्तम आहे, फक्त तिला पाणी आणि मीठ पुरवावे लागते.

अबू सिंबेलच्या मुख्य मंदिराचे तोंड पूर्वेला आहे. दर्शनी भागातले सुमारे २० मीटर उंचीचे चार रामसेस सकाळी झळाळून उठतात ते त्यामुळेच. आस्वानच्या मोठ्या धरणात ही मंदिरे बुडणार होती. युनेस्कोच्या मोहिमेत १९६४ ते १९६८ या काळात त्यांचे तुकडे करून ती सुमारे ६५ मीटर उंचावर आणि २०० मीटर मागे पुन्हा उभारली गेली. तेव्हा दिशाही काळजीपूर्वक जपण्यात आली. पर्यटकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की सकाळी समोरच्या अंगणात उन्हाला आडोसा नाही. मंदिराच्या आत गाइडला बोलू देत नाहीत, म्हणून सगळी माहिती बाहेरच सांगितली जाते. पंचवीस-तीस मिनिटे एका जागी उभे राहून ऐकताना उष्णतेने कातडीकडच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त पायांत साचते आणि मेंदूला कमी पडते. डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस कोसळतो. बीपीसाठी क्लोरथॅलिडोनसारखी लघवी वाढवणारी गोळी किंवा शुगरसाठी डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांना हे लवकर होते, कारण या गोळ्या मुळातच शरीरातले पाणी बाहेर काढतात. त्या मनाने बंद करू नयेत, पण प्रवासाआधी डॉक्टरांशी बोलावे. ऐकताना बसावे, बसायला जागा नसेल तर पोटऱ्या आवळत-सोडत पावले हलवत राहावे. गाइड रागावत नाही.

आता ज्याविषयी सहलींच्या माहितीपत्रकात एक ओळही नसते ते. पुष्कळ स्त्रिया अशा दिवशी पाणी पीतच नाहीत. तीन-साडेतीन तासांच्या रस्त्यात स्वच्छतागृह कुठे आणि कसे असेल याची खात्री नसते, म्हणून आदल्या रात्रीपासूनच घोट मोजले जातात. त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग होतो आणि उन्हाचा फटकाही दुप्पट बसतो. टूर मॅनेजरला ‘बस कुठे थांबणार आणि तिथे सोय आहे का’ हे आदल्या रात्री स्पष्ट विचारण्यात संकोच कसला? बसमध्ये थोडे थोडे पाणी आणि त्यातल्या एका बाटलीत मोजून घातलेले ओआरएस, एवढे पुरते. बाटली सीलबंद असावी. नळाचे पाणी, बर्फ आणि कापून ठेवलेली कोशिंबीर टाळावी.

कुणी उन्हात बडबडू लागला, तोल जाऊ लागला आणि अंग तापलेले असेल, तर तो उष्माघात समजावा. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही. सावलीत नेऊन कपडे सैल करावेत, सर्वांगावर पाणी शिंपडून जोरात वारा घालावा. त्या कोरड्या हवेत हा उपाय फार चांगला लागू पडतो. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नये. हे करतानाच रुग्णवाहिका बोलवावी.

दुपारी आस्वानला परतल्यावर क्रूझ बोट उत्तरेला निघते आणि संध्याकाळी अनेकदा कोम ओम्बोला लागते. मगरमुखी सोबेक आणि ससाण्याच्या रूपातला थोरला होरस यांचे हे जोडमंदिर. त्याच्या मागच्या भिंतीवर कात्र्या, चिमटे, सुऱ्या, तराजू अशा वस्तूंचे शिल्प आहे. गाइड त्याला शस्त्रक्रियेची हत्यारे म्हणतात, काही अभ्यासकांना ती पूजाविधीची साधने वाटतात. डॉक्टर मंडळी अर्थातच पहिल्या बाजूची.

बोटीच्या काठावरून नाईलच्या संथ पाण्यात पाय सोडण्याचा मोह इथेच होतो. तो टाळावा. गोगलगायींतून पाण्यात सुटणाऱ्या आणि कातडी भेदून शरीरात शिरणाऱ्या बिलहार्झिया या कृमीचा शोध थिओडोर बिलहार्झ यांनी १८५१ साली कैरोत लावला. १९१० मध्ये त्याची अंडी तीन हजार वर्षांच्या ममींच्या मूत्रपिंडांत सापडली. या रोगाने विसाव्या शतकात आणखी एक दुखणे दिले. त्याच्या इंजेक्शनांच्या मोठ्या मोहिमेत सुया पुन्हा पुन्हा वापरल्या गेल्या आणि इजिप्तभर हेपेटायटिस सी पसरला. पुढे त्या देशाने कोट्यवधी लोकांची तपासणी आणि मोफत औषधोपचार केले. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची दखल घेतली. बिलहार्झियाही आता पुष्कळ कमी झाला आहे, पण संपलेला नाही.

आपल्याकडे हा आजार जवळजवळ दिसतच नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात १९५०च्या दशकात त्याचा एक विरळा ठिपका आढळला होता, त्याची आठवणही आता मोजक्या डॉक्टरांनाच असेल. म्हणून सहलीनंतर काही आठवड्यांनी ताप, अंगावर पित्त किंवा लघवीतून रक्त असे काही झाले तर ‘नाईलमध्ये पाय बुडवले होते’ हे रुग्णाने स्वतःहून सांगावे. डॉक्टर ते विचारतीलच असे नाही.