वाघळांचे न ऐकू येणारे आवाज

शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातील एखाद्या खेड्यात दिवेलागणीला अंगणात उभे राहा. कौलांच्या फटींतून चिमुकली वाघळे भुर्रकन् बाहेर पडतात आणि किड्यांमागे गिरक्या घेऊ लागतात. सारे कसे निःशब्द वाटते! प्रत्यक्षात ती तुमच्या डोक्यावर ओरडत असतात. आपला कान सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकतो. त्यांचा आवाज त्याच्याही वरचा, म्हणजे श्राव्यातीत असतो. किड्यावर आपटून परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून त्यांना भक्ष्याचा ठावठिकाणा कळतो.

१९३८ साली हार्वर्ड विद्यापीठातील डोनाल्ड ग्रिफिन या विद्यार्थ्याने प्रा. पिअर्स यांच्या यंत्रापुढे वाघळांचा पिंजरा नेऊन ठेवला, तेव्हा हे आवाज माणसाला प्रथम ऐकू आले. आता तळहातावर मावणारे ध्वनिमुद्रण-यंत्र झाडाला बांधून ठेवले की ते रात्रभर एकट्याने नोंद करते. मुद्रण दहापट संथ वाजवले, की ५०,००० कंपनांची हाक ५,००० कंपनांची होऊन चिवचिवाटासारखी ऐकू येते.

खरी गंमत तिच्या आलेखात आहे. कौलांतल्या चिमुकल्या वाघळाची हाक वरून खाली झरकन् घसरते. नाकावर पानासारखी घडी असलेल्या वाघळाची हाक बराच वेळ एकाच पट्टीत राहून शेवटी किंचित उतरते. शिकार शोधताना सेकंदाला दहाएक हाका असतात. किडा टप्प्यात आला की त्यांची संख्या दोनशेच्या घरात जाते! म्हणजे वाघूळ येथून नुसते गेले की येथे जेवले, हेही समजते. आणि त्यासाठी त्याला जाळ्यात पकडावे लागत नाही.

मात्र यंत्रावर फार विसंबू नका. एकच वाघूळ दहा वेळा घिरट्या घालून गेले काय, किंवा दहा वाघळे एकेकदा गेली काय, यंत्राला दोन्ही सारखेच. वडापिंपळावर लटकणारी मोठी वटवाघळे डोळ्यांनी व नाकाने वाट काढतात. ती अशा हाका देतच नाहीत. त्यांची मोजदाद संध्याकाळी झाडाखाली उभे राहूनच करावी लागते.

बेळगाव जिल्ह्यातील बारापेडे गुहांमध्ये सापडलेले, रॉटन यांचे नाव दिलेले दुर्मिळ वाघूळ शास्त्राला १९१३ साली ठाऊक झाले. कित्येक दशके त्याचा तेवढाच एक पत्ता माहीत होता. त्याची हाक इतकी खालच्या पट्टीतली, की तरुण कानांना ती ऐकूही येते. हाक ओळखीची झाली, म्हणजे गुहेत शिरून त्यांची झोपमोड न करता इतर डोंगरांतही शोध घेता येतो.

शहापूर तालुक्यातून जाणारा समृद्धी महामार्ग २०२५ साली पूर्ण खुला झाला. प्रखर दिव्यांखाली काही जातींना किडे आयते मिळतात, तर काही जाती उजेड टाळून दूर निघून जातात. पाच वर्षांनी 'येथे पूर्वी कोण होते?' असे कोणी विचारले, तर उत्तर आजच्या नोंदीतच सापडणार. यंत्र नसले तरी वही असतेच. तारीख, वेळ, पाऊस, चंद्र आणि पहिले वाघूळ कोणत्या फटीतून निघाले ते लिहा. जमिनीवर पडलेल्या वाघळाला मात्र हात लावू नका.